एकाच भांड्यातला पास्ता: अडतं ते पाण्यापाशी

तुम्ही लिहिलंय की नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीतून सुटून घरी पोचायला साडेसात होतात, मुलांना साडेआठला ताट लागतं आणि मिस्टर सेकंड शिफ्टला असल्यामुळे रात्री साडेअकराला जेवतात. आठवड्यातून एक दिवस तरी पोळी-भाजी-भात-वरण असा चार भांड्यांचा पसारा टाळावा म्हणून एकाच भांड्यात पास्ता करून पाहिलात. पहिल्यांदा त्याचा लगदा झाला, दुसऱ्यांदा बाहेरून चिकट आणि आत कच्चा राहिला. त्यात सासूबाई म्हणाल्या, "हा मैदा, याला काय जेवण म्हणायचं!" चुकतंय कुठे, आणि हे रात्रीचं जेवण होऊ शकतं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

ताई, गंगापूर रोडच्या भागात मी सतरा वर्षं मेस चालवते आहे. कॉलेजच्या मुलांना महिन्यातून दोनदा पास्ता हवाच असतो, आणि घरी माझ्या दोन मुलींसाठीही तो होतो. मेसमध्ये साठ माणसांचा पास्ता मी एका भांड्यात कधीच करत नाही. तिथे वेगळा उकडून गाळते, कारण एवढ्या मोठ्या भांड्यात रस्सा आळायला लागला की बूड हमखास लागतं. घरी मात्र गेली कित्येक वर्षं एकाच कढईत करते. अर्धा किलोपर्यंत ही पद्धत उत्तम चालते, त्यापुढे नको. दोन्ही पद्धती रोजच्या हातातल्या असल्यामुळे तुमची गफलत कुठे होतेय ते ओळखता येतं.

पाकिटामागे छापलेली कृती बहुतेक वेळा गाळायच्या पास्त्याची असते. १०० ग्रॅमला सुमारे १ लिटर पाणी, पास्ता शिजला की पाणी ओतून द्यायचं. तिथे पाणी थोडं कमीजास्त झालं तरी बिघडत नाही, कारण उरलेलं जाणारच असतं. एका भांड्यात करताना ते पाणी कुठेच जात नाही. काही पास्ता पितो, काही वाफ होऊन उडतं आणि जे राहतं तोच तुमचा रस्सा. म्हणून इथे पाणी मोजून घालावं लागतं, आणि आपल्यापैकी बरेच जण ते अंदाजाने घालतात.

मला हे समजलं ते वरणफळांमुळे. तुमच्याकडे कदाचित चकोल्या म्हणत असतील. आपण वरण आधी नेहमीपेक्षा पातळ करतो, त्याला खळखळून उकळी आली की कणकेच्या शंकरपाळ्यासारख्या फोडी एकेक करून सोडतो, सुरुवातीला हलवत राहतो आणि अजून सैल आहे तोवरच गॅस बंद करतो, कारण ताटात येईपर्यंत ती आळणार हे ठाऊक असतं. वरणफळांचं पाणी कधी कुणी गाळलंय का? पास्ताही गव्हाचंच पीठ मळून, आकार देऊन वाळवलेला असतो. त्याला हेच सगळं लागू पडतं. इटलीतही घरोघरी राजम्यासारख्या कडधान्याबरोबर एकाच भांड्यात शिजवलेला पास्ता होतो, त्याला पास्ता ए फाजोली म्हणतात. तो वाडग्यात घेऊन चमच्याने खातात, आपण वरणफळं खातो तसाच. त्यामुळे आपण काही तरी आडवाटेने करतोय असं मनात आणू नका.

आता तुमचे दोन बिघाड पाहू. ते वेगवेगळ्या कारणांनी झाले आहेत.

बाहेरून चिकट आणि आत कणी राहिली, म्हणजे बहुधा पास्ता गार किंवा कोमट पाण्यात घातला गेला, किंवा पास्ता पडल्यावर आच मंद केली. पास्त्याच्या बाहेरच्या थरातला स्टार्च फुगून आधी चिकट होतो. पाणी उकळतं नसेल तर फोडी एकमेकींना धरून बसतात आणि आतपर्यंत उष्णता पोचेस्तोवर बाहेरचा थर सुटायला लागतो. दुसरी शक्यता टोमॅटोची. टोमॅटो आधीच परतून घट्ट गोळा केला आणि त्यात थोडंसंच पाणी घातलं, तर त्या दाट रश्श्यातून पास्त्याला पाणी हळूहळू मिळतं. वरून रस्सा दिसतो, आतून दाणा कोरडा राहतो.

लगदा झाला तो पाणी जास्त झाल्यामुळे. पास्ता शिजला, पण रस्सा पातळ दिसला म्हणून तुम्ही तो आटवत बसला असाल. त्या पाच मिनिटांत पास्त्याचा जीव जातो. पाणी आटवण्यासाठी पास्ता कधीच उकळत ठेवायचा नाही. म्हणून पाणी आधी बेताचं घालायचं आणि बाजूला आधण तयार ठेवायचं. नंतर वाढवता येतं, काढता येत नाही.

माझं माप सांगते. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं यांना २५० ग्रॅम पास्ता, म्हणजे अर्धा किलोच्या पाकिटातला अर्धा, भाज्यांसह पोटभर होतो. त्याला ४ मध्यम टोमॅटो आणि सुरुवातीला ६०० मिली उकळतं पाणी. आणखी २०० मिली किटलीत बाजूला. हिशेब असा की कोरडा पास्ता शिजताना आपल्या वजनाच्या सव्वापट ते दीडपट पाणी पितो, म्हणजे २५० ग्रॅमला साधारण तीनशे दहा ते पावणेचारशे मिली तिथेच गेलं. पसरट कढईत बारा-तेरा मिनिटांत बरंच वाफेनं उडतं. टोमॅटोचा स्वतःचा रस असतोच. उरतं ते आठ-दहा मोठे चमचे दाटसर रस्सा, आणि तेवढाच हवा असतो. उभट पातेल्यात वाफ कमी जाते, तिथे ५०० मिलीनेच सुरुवात करा. तुमची शेगडी, तुमचं भांडं यावर हे पन्नास-शंभर मिली इकडेतिकडे होणारच. दोनदा केलंत की तुमचा आकडा तुम्हाला मिळेल, तो डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

भांडं जाड बुडाचं आणि रुंद हवं. हिंडालियमची खोलगट कढई किंवा स्टीलची जाड बुडाची, दोन्ही चालतात. लोखंडी कढई मात्र नको. टोमॅटोच्या आंबटपणाने लोखंडाचा वास आणि काळपटपणा उतरतो.

घरात शिरल्याबरोबर किटली लावा, हातपाय धुवून येईपर्यंत पाणी उकळतं. कढईत दोन मोठे चमचे तेल, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, एक मोठा कांदा बारीक चिरून. कांद्याचंही सांगायला हवं. आपल्याकडे उन्हाळी कांदा चांगला सुकलेला असतो, चार मिनिटांत छान परततो. थंडीत येणाऱ्या लाल कांद्याला पाणी जास्त, त्याला दोन मिनिटं अधिक द्या, नाहीतर रश्श्याला उग्र वास येतो. टोमॅटो चिरत बसू नका. अर्धा कापून किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा, साल हातात राहते आणि गर कढईत. बाजारात येणारे बरेचसे टोमॅटो लांबचा प्रवास सोसायला तयार केलेल्या जाड सालीच्या वाणांचे असतात, आणि तेवढ्या वेळात ती साल शिजत नाही. मुलं ताटाच्या कडेला काढून ठेवतात ती हीच सालं.

टोमॅटोचा गर दोनच मिनिटं परता, घट्ट होऊ देऊ नका. त्यावर उकळतं पाणी ओता, मीठ घाला आणि सगळं पुन्हा खळखळलं की पास्ता टाका. मीठ नीट लक्षात घ्या. गाळायच्या पास्त्याच्या पाण्यात मूठभर मीठ घालतात, कारण त्यातलं बरंचसं गाळण्यात जातं. इथे घातलेलं सगळं पोटात जाणार. २५० ग्रॅमला एक सपाट छोटा चमचा पुरे, आणि शेवटी चीज घालणार असाल तर पाऊणच.

पहिली दोन मिनिटं कढईपाशी उभं राहायचं आणि कालथ्याने तळापासून सतत हलवायचं. फोडी चिकटतात त्या याच दोन मिनिटांत. त्यानंतर आच मध्यम, पण उकळी दिसत राहील इतकी, झाकण अर्धवट. दर दोन मिनिटांनी एकदा तळ खरवडून हलवा, मधल्या वेळात डबे धुवा, मुलांचा गृहपाठ पाहा.

वेळेचं नाशिकपुरतं एक सांगते. पाकिटावरची वेळ समुद्रसपाटीच्या पाण्याची धरलेली असते. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात आपला रस्सा टोमॅटोचा आणि दाट. म्हणून पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर माझ्याकडे १३ लागतात. घड्याळापेक्षा दातावर भरवसा ठेवा. दहाव्या मिनिटाला एक फोड काढून अर्धी चावून बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसेल. तो ज्वारीच्या दाण्याएवढा असेल तर अजून वेळ आहे. टाचणीच्या डोक्याएवढा झाला की गॅस बंद, झाकण घट्ट, तीन मिनिटं हात लावायचा नाही. गॅस बंद करताना रस्सा तुम्हाला थोडा जास्तच वाटला पाहिजे. कोरडा वाटला तर किटलीतलं आधण दोन डाव घाला. डिसेंबर-जानेवारीत तर आणखी सैल ठेवा, आपल्याकडच्या थंडीत ताट लगेच गार होतं आणि पास्ता पटकन आळतो.

इथवरचं थोडक्यात: आधण, मोजलेलं पाणी, पहिली दोन मिनिटं हलवणं आणि सैल असतानाच गॅस बंद. एवढं जमलं की पुढचं सगळं आवडीवर आहे.

भाज्या एकदम टाकल्या की निम्म्या कच्च्या आणि निम्म्या गाळ होतात. गाजर, फरसबी बारीक चिरून पास्त्याबरोबरच. फ्लॉवर, मटार, मक्याचे दाणे अर्ध्या वेळाने. ढोबळी मिरची शेवटच्या तीन मिनिटांत, तिचा करकरीतपणा राहिला तर मुलं खातात. पालक गॅस बंद केल्यावर, झाकणाखालच्या वाफेवर तो मऊ होतो. मशरूम घालणार असाल तर कांद्याआधी तेलात परतून काढून ठेवा आणि शेवटी मिसळा, कारण ते खूप पाणी सोडतात आणि आपलं मोजलेलं माप बिघडवतात. ओरेगॅनो घरात नसेल तर चिमूटभर ओवा तळहातावर चोळून घाला. दोन्हींच्या वासात थायमॉल हा घटक आहे, त्यामुळे चव परकी लागत नाही. चिमूटच, जास्त झाला तर पोटदुखीच्या काढ्यासारखा लागेल.

दुधाबद्दल एक चूक खूप घरांत पाहिली आहे. पांढरा-लाल रस्सा हवा म्हणून टोमॅटो उकळत असतानाच दूध घालतात आणि ते फाटतं. दूध घालायचंच नाही असं नाही, पण गॅस बंद केल्यावर, झाकणाची तीन मिनिटं झाल्यावर, तेही खोलीच्या तापमानाचं आणि अर्धी वाटीच. सायीचे दोन चमचे फेटून घातले तर अधिक चांगलं, त्यात स्निग्धांश जास्त असल्यामुळे सहसा फाटत नाही. चीजचं म्हणाल तर आपल्याकडे मिळणारं प्रोसेस्ड चीज या कामाला सोयीचं आहे. त्यात वितळताना तूप वेगळं होऊ न देणारे क्षार असतात, म्हणून ते रश्श्यात एकजीव होतं. दोन क्यूब किसून चौघांना पुरतात.

कुकरमध्ये करू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दमलेल्या संध्याकाळी मनात येणारच. होतो, आणि मीही करते. पाच लिटरच्या कुकरमध्ये २५० ग्रॅम पास्ता, तोच परतलेला टोमॅटो आणि फक्त ४५० मिली पाणी, कारण वाफ बाहेर जात नाही. मध्यम आचेवर एक शिट्टी, गॅस बंद, चार मिनिटांनी चमच्याने शिट्टी अलगद उचलून वाफ सोडायची. हा वेळ पेने किंवा फुसिलीसारख्या जाड पास्त्याचा. पातळ मॅकरोनी कुकरमध्ये मऊ पडते. कुकर अर्ध्याच्या वर कधीच भरू नका. पास्ता उकळताना फेस येतो. मेसच्या पहिल्या वर्षी मी कुकर पाऊण भरला होता, तो फेस शिट्टीतून उसळून भिंतीवर गेला आणि शिट्टीचं भोक पेजेने बंद झालं. शेजारी माझी मदतनीस उभी होती. तिला काही झालं नाही, पण तेव्हापासून मी अर्ध्याची रेघ ओलांडलेली नाही. मुलं स्वयंपाकघरात घुटमळत असतील तर कढईच वापरा.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते उडवून लावू नका, कारण काही पाकिटांच्या बाबतीत ते खरं आहे. स्वस्त पाकिटांत आणि सुट्या मिळणाऱ्या पास्त्यात अनेकदा मैदा असतो. तो एका भांड्यात टिकत नाही, फुटून रश्श्यात विरघळतो. तुमचा पहिला लगदा त्यामुळेही झालेला असू शकतो. पाकीट उलटं करून घटक वाचा, ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं हवं. हा ड्युरम काही परका नाही. आपण ज्याला बन्सी किंवा बक्षी गहू म्हणतो तो हाच. दाणा कडक, पिवळसर, त्याचा रवा शिजून मोकळा राहतो, म्हणून शेवया, कुरडयांना तो पूर्वीपासून वापरतात. आपल्याच जिल्ह्यात निफाडच्या गहू संशोधन केंद्रातून बन्सी गव्हाचे पंचवटी आणि गोदावरी या नावांचे वाण निघालेले आहेत. सासूबाईंनी उन्हाळ्यात शेवया केल्या असतील तर त्यांना बन्सी गव्हाचं वेगळं सांगावं लागणार नाही. एकदा पाकीट त्यांच्याच हातात द्या, त्यांनाच वाचू द्या.

त्यांच्या बोलण्यातला दुसरा भाग, "हे काय जेवण", तोही विचार करण्यासारखा आहे. नुसता पास्ता आणि टोमॅटो खाऊन मुलं दहा वाजता पुन्हा डबे उघडतात. त्यात डाळ किंवा कडधान्य गेलं की ते जेवण होतं. पण कच्ची डाळ टोमॅटोत शिजायला घालू नका, आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही. आपण आमसूल, चिंच डाळ शिजल्यावर घालतो ते त्यासाठीच. सकाळच्या कुकरमधलं एक वाटी बिनफोडणीचं घट्ट वरण काढून ठेवा आणि पास्ता शिजत आला की त्यात कालवा. रस्सा असा मखमली होतो की चीज निम्मं पुरतं. वरण नसेल तर सकाळी उकडलेले छोले, राजमा किंवा मसूर वाटीभर. पनीर, उकडलेलं अंडं हेही आहेच. माझ्या धाकटीला वरण घातलेलाच पास्ता आवडतो, त्यात वरण आहे हे तिला बरेच दिवस माहीत नव्हतं, आता ती स्वतःच मागते.

शेवटचं राहिलं मिस्टरांचं ताट. साडेआठचा पास्ता साडेअकराला ढेप होतो, त्याला तुमच्या हाताचा दोष नाही, तो पाणी पीतच राहतो. त्यांचा वाटा गॅस बंद करण्याच्या दोन मिनिटं आधी, कणी थोडी मोठी असतानाच, दोन डाव जादा रश्श्यासकट स्टीलच्या पसरट डब्यात काढा. चीज, दूध त्यात घालू नका. झाकण न लावता गार होऊ द्या आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये तर ओट्यावर मुळीच ठेवू नका. ते आले की छोट्या कढईत अर्धी वाटी आधण, त्यात पास्ता, झाकण, मंद आचेवर तीन-चार मिनिटं, आणि वाफा यायला लागल्यावर चीज किसायचं. उरलेली कणी तेव्हा शिजते आणि पास्ता ताज्यासारखा लागतो. तुम्ही तोवर झोपलेल्या असाल, तर डब्यावर चिठ्ठी लावून ठेवा: अर्धी वाटी आधण, चार मिनिटं झाकण, मग चीज.